चालक क्रमांक एक

रमाकांत खटावकरांना हब मोटर हवी होती, आणि त्यामागची कारणं त्यांनी आखीव कागदावर अनुक्रमांक घालून लिहून आणली होती. सायकलच्या दुकानात असा कागद घेऊन जाणारा माणूस अख्ख्या साताऱ्यात दुसरा नसावा. पण खटावकरांनी पुरवठा कार्यालयात बसून एकतीस वर्षं शिधापत्रिका लिहिल्या होत्या, आणि कागदावर न चढलेली गोष्ट खरोखर घडली आहे यावर त्यांचा मनातून कधीच विश्वास बसत नसे.

ज्या सायकलला मोटर बसवायची होती ती दोघांची होती. म्हणजे मालकीने नव्हे, बांधणीनेच दोघांची: एक लांबलचक सांगाडा, एकामागे एक दोन सीटं, पायडलच्या दोन जोड्या. २०३५ साली निवृत्त झाल्यावर खटावकरांनी बायकोला विचारलं होतं, की आता तुला काय हवं ते सांग. लग्नानंतर हा प्रश्न पहिल्यांदाच आल्यामुळे वैजयंतीबाईंना उत्तर द्यायला दोन दिवस लागले. चिमणपुऱ्यातल्या घराच्या पुढच्या खोलीत, पायमशीनवर बसून, त्या तीस वर्षं गावाची ब्लाउजं शिवत होत्या. मशीनसमोर खिडकी होती आणि खिडकीत यवतेश्वरचा डोंगर. त्या डोंगरावर त्यांना स्वतःच्या पायांनी जायचं होतं, पण एकटीने नाही आणि चालतही नाही. मग सायकलवाल्या मुलाणींनी दोन जुन्या सायकली कापून, जोडून, वेल्डिंग करून ही जोडसायकल उभी केली. पुढे हँडलवर खटावकर, मागे वैजयंतीबाई. उतारावर एवढं वजन आवरायला हवं म्हणून मुलाणींनी मागच्या सीटलाही एक जादा ब्रेक दिला होता.

दोन वर्षं दर रविवारी त्यांनी घाट गाठला. थोडासा चढून, बराचसा ढकलून. साठी आली, गुडघे बोलू लागले, तेव्हा मोटरचा विषय निघाला.

इलाही मुलाणी हे सायकलवाल्यांची तिसरी पिढी. आजोबांनी पंक्चरं काढली, वडिलांनी गिअरच्या सायकली विकल्या, आणि इलाहींच्या वाट्याला मोटरींचा जमाना आला. त्यांनी दोन्ही मोटरी काउंटरवर शेजारी शेजारी मांडल्या आणि समजावून सांगितलं. हब मोटर चाकाच्या मधोमध बसते, जिथून आरे फुटतात तिथे. पायडलशी तिचं नातं फार लांबचं. पायडल फिरतंय एवढं तिला कळलं की बास. कोण फिरवतंय, किती जोर लावून फिरवतंय याची ती चौकशी करत नाही, आपली आपण चाक ढकलत राहते. मिड-ड्राइव्ह बसते खाली, पायडलच्या दांड्यावर. तिची ताकद तुमच्या पायांच्या ताकदीबरोबर एकाच चेनमधून, एकाच गिअरमधून जाते, त्यामुळे चढावर तीही हलका गिअर घेते आणि कमी तापते. मुख्य म्हणजे ती तुमचा जोर मोजते. तुम्ही एक दिलात तर ती दोन घालते. तुम्ही हात आखडता घेतलात तर तीही घेते.

खटावकरांच्या कागदावर हबच्या बाजूने सहा कारणं होती. ती साधी असते, चेन तुटली तरी घरी आणते, वगैरे. पण खरं कारण सहावं होतं. पायडल नुसतं फिरवल्यासारखं केलं तरी सायकल पुढे जाते, ही गोष्ट त्यांना पहिल्यापासून ओळखीची वाटली होती. त्या तत्त्वावर उत्तम चाललेली कार्यालयं त्यांनी जवळून पाहिली होती.

वैजयंतीबाईंनी कागद वाचला नाही. त्यांनी मिड-ड्राइव्हचा दांडा बोटांनी दोनदा फिरवून बघितला, मशीनचं चाक बघतात तसा.

"माझ्या मशीनला तुम्ही मोटर लावून आणली होती, आठवतं?" त्या म्हणाल्या. "पाय ठेवला की धावत सुटायची. रेशीम असो की पडद्याचं कापड, तिला एकच वेग. आठ दिवसांत काढून ठेवली. पायमशीन पाय काय म्हणतोय ते ऐकतं. मला ऐकणारी पाहिजे."

मुलाणींच्या दुकानात त्या आठवड्यात हब मोटरी भरपूर पडून होत्या, त्यामुळे तेही थोडे हिरमुसले. खटावकरांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. तीस वर्षांच्या संसारात घरात ऐकणारं काहीतरी आणा, अशी मागणी बायकोने प्रथमच केली होती, आणि ती नामंजूर कोणत्या कारणाने करावी हे त्यांना सुचलं नाही.

मोटर बसवून झाल्यावर मुलाणींनी नोंदणीसाठी टॅब पुढे केला. जोडसायकलच्या या संचात जोर मोजणारे दांडे दोन होते, एक पुढच्या पायडलला आणि एक मागच्या, म्हणजे कोणी किती जोर लावला ते वेगवेगळं कळणार होतं.

"भाऊसाहेब, चालक क्रमांक एक म्हणून कुणाचं नाव घालू?"

खटावकरांनी मुलाणींकडे असं बघितलं, जसं ते रहिवासाचा दाखला न आणलेल्या माणसाकडे बघत. मग टॅब हातात घेऊन त्यांनी फॉर्म स्वतःच भरला. क्रमांक एक: रमाकांत खटावकर. क्रमांक दोन: वैजयंती रमाकांत खटावकर. त्यांच्या नोकरीच्या नवव्या वर्षी कायदा आला होता, की शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या ज्येष्ठ बाईचं नाव लावावं. खटावकरांनी त्या कायद्याची अंमलबजावणी अतिशय निष्ठेने केली होती. तालुक्यातल्या हजारो बायका त्यांनी आपल्या हाताने पहिल्या ओळीत बसवल्या. पण ते कार्यालयातलं. घरचा कुठलाही फॉर्म, गॅसचा असो की दवाखान्याचा, त्यांच्या हाताने पहिल्या रकान्यात एकच नाव लिहिलं होतं, आणि हाताला वळण असतं. फॉर्मच्या खाली बारीक अक्षरात दोन ओळी होत्या. बारीक अक्षरातल्या ओळींवर बोट ठेवून लोकांना परत पाठवण्यात हयात घालवलेल्या या माणसाने त्या वाचल्या नाहीत.

पहिल्या रविवारी ते न उतरता माथ्यावर पोहोचले. वैजयंतीबाई खाली उतरून गावाकडे बघत राहिल्या. आपल्या घराची खिडकी सापडते का ते शोधत होत्या. तेवढ्यात मोटरबरोबर आलेली हँडलवरची पट्टी बोलली. तिचा आवाज आकाशवाणीवरच्या बातम्यांसारखा स्वच्छ आणि निर्विकार होता.

"चढाई पूर्ण. चालक क्रमांक एक, अठ्ठावन्न टक्के. चालक क्रमांक दोन, बेचाळीस टक्के."

गेली दोन वर्षं खटावकर घाटात मान न वळवता विचारत आले होते, "मारतेयस ना गं पायडल?" त्यावर मागून "मारतेय" असं उत्तर येई आणि ते त्यांना पुराव्याअभावी मान्य करावं लागे. आता पुरावा आला होता. टपरीवर दोन चहा सांगितले आणि वैजयंतीबाईंना बिस्किटाचा पुडा आधी दिला. जिंकलेल्या माणसाला असा उदारपणा परवडतो.

वैजयंतीबाईंना मात्र ते लागलं. आयुष्यभर पायाने मशीन मारणाऱ्या बाईचे पाय बेचाळीस टक्के? पुढच्या रविवारी त्यांनी दातओठ खाऊन पायडल मारलं. पट्टी म्हणाली, क्रमांक एक त्रेसष्ट, क्रमांक दोन सदतीस. त्यांनी आणखी जोर लावला, तर आकडा आणखी घसरला. हे गणित त्यांना कळेना. खटावकरांना वाईट वाटलं. बायकोला थोडं श्रेय मिळावं म्हणून त्यांनी मुद्दाम पाय सैल सोडले, तर त्यांचा आकडा सहासष्टवर गेला. सैल सोडूनही आपण एवढे भरतो, याचं त्यांना नवल वाटलं, पण अविश्वास वाटला नाही. ते सौम्य आवाजात तिला सांगू लागले, की पायडल मारणं हे ताकदीचं काम नसून सातत्याचं आहे.

त्याच सुमाराला इतर काही वस्तू बिघडायला लागल्या होत्या. दाराच्या कुलपाला किल्ली नीट बसेना. कुलूपवाल्यांनी दर्जा घसरवला होता. चहाचे कप निसरडे यायला लागले होते. आणि सदऱ्याची काजं लहान झाली होती. हे शेवटचं त्यांनी जपून बोलायला हवं होतं, कारण सदरे वैजयंतीबाई शिवत. एकदा घाट उतरताना पुढचा ब्रेक जरा उशिरा लागला, तेव्हा मागून वैजयंतीबाईंनी आपला जादा ब्रेक दाबला. ब्रेकची वायर सैल आहे, मुलाणींना सांगायला हवं, असं खटावकर म्हणाले.

अकराव्या रविवारी, चढाईचे टक्के सांगून झाल्यावर, पट्टीने घसा खाकरल्यासारखा एक स्वर काढला.

"सूचना. चालक क्रमांक दोन यांच्या डाव्या पायाच्या जोरात गेल्या दहा आठवड्यांत वाढता विलंब आढळला आहे. कृपया मेंदू व मज्जासंस्थेच्या डॉक्टरांना दाखवावे."

खटावकरांच्या हातातला चहा टपरीच्या फळीवर सांडला. यावेळी त्यांनी कपाला दोष दिला नाही.

ते थेट मुलाणींकडे गेले. मुलाणींनी कंपनीचं माहितीपत्रक उघडलं आणि दोघांनी ते मान खाली घालून वाचलं. पोलादाचा दांडा पिळला गेला, अगदी केसाच्या जाडीहून कमी, तरी त्याच्यातलं चुंबकत्व किंचित बदलतं. तो बदल दांड्याला न शिवता बाहेरून मोजता येतो. ही मोटर तो सेकंदाला हजार वेळा मोजत होती, कारण पाय किती जोर देतोय हे कळल्याशिवाय आपण किती द्यायचा हे तिला ठरवता येत नाही. एवढ्यावर थांबली असती तर ती नुसती चांगली मोटर झाली असती. पण तीन-चार वर्षांत लाखो लोकांच्या पायांच्या अशा नोंदी कंपनीकडे साठल्या, आणि कोणाच्या तरी लक्षात आलं, की काही माणसांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा कणभर उशिरा जोर धरायला लागतो. पापणी लवायला लागणाऱ्या वेळेचा चौथा हिस्सा. चालताना तो दिसत नाही, माणसालाही जाणवत नाही. पण मेंदूने सोडलेला हुकूम पायापर्यंत पोहोचताना वाटेत कुठेतरी अडतोय, याची ती पहिली खूण असू शकते. वर्षा-दोन वर्षांनी माणूस अडखळायला लागतो, तेव्हा डॉक्टरांना कळतं. मोटरला आधी कळतं.

"हबवाल्याला हे कळलं नसतं," मुलाणी म्हणाले.

खटावकरांनी मान हलवली. मग इकडे-तिकडे बघून ते हळू आवाजात म्हणाले, "पुढच्या चाकात एक हब मोटरपण बसवून द्या. वैजयंतीला पायडल मारावं लागता कामा नये. नुसती बसवून नेता आली पाहिजे मला. डोंगर सुटायला नको तिचा."

मुलाणींनी गुरुवारी या म्हणून सांगितलं.

डॉक्टरांची वेळ तीन आठवड्यांनी मिळाली. ते तीन आठवडे वैजयंतीबाईंच्या लग्नाच्या आयुष्यातले सर्वांत विचित्र आठवडे होते. खटावकर पहाटे उठून चहा करू लागले. पाण्याची बादली त्यांना उचलू देईनात. जिना चढताना मागे चालू लागले, पडली तर धरायला. त्यांनी पोहे केले, ते लगदा झाले, आणि वैजयंतीबाईंनी ते संपवले. सर्वांत कहर म्हणजे एका सकाळी मशीनची वादी गायब झाली. चाकावरून पायापर्यंत जाणारा तो चामड्याचा पट्टा नसेल तर पायमशीन म्हणजे नुसतं टेबल. खटावकरांनी तो काढून लपवला होता. पायांना विश्रांती हवी. वादीचा आकडा बोटांनी निघता निघेना, अर्धा तास लागला, पण बायकोसाठी माणूस एवढं करतो. दारात येणाऱ्या गिऱ्हाइकांना ते स्वतः सामोरे जात आणि सांगत, की ब्लाउजं मिळतील, परंतु तारीख सांगता येणार नाही. या वाक्याची त्यांना जुनी सवय होती.

वैजयंतीबाई चिडल्या होत्या, घाबरल्या होत्या आणि, हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही, थोड्या सुखावल्याही होत्या. त्यांनी रोज डावा पाय उचलून, वाकवून, दाबून बघितला. पाय नेहमीसारखाच होता. मोटर लबाड की पाय लबाड, काही कळेना.

डॉक्टर ईशानी जगदाळे तिशीच्या होत्या आणि त्यांना घाई नव्हती. त्यांनी वैजयंतीबाईंना टाच-बोट जोडून सरळ रेषेत चालवलं, गुडघ्यांवर हातोडी मारली, बोटं भरभर उघडमीट करायला लावली, मग एमआरआय काढला. दोन दिवसांनी तो पडद्यावर लावून म्हणाल्या, "काकू, तुमचे मणके विद्यार्थ्यांना दाखवावेत असे आहेत. तुम्हाला काही झालेलं नाही. यंत्राची चूक असेल."

खटावकरांनी डोळे पुसले आणि ते पुसताना चष्मा पाडला. वैजयंतीबाईंनी तो उचलून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आनंदाने नवा सदरा घालताना ते पुन्हा काजांबद्दल बोलले. लहान आहेत म्हणाले. वैजयंतीबाईंनी तीन आठवडे पोहे खाल्ले होते, वादीबद्दल शब्द काढला नव्हता. पण काजाबद्दल ऐकून घ्यायलाही मर्यादा असते. त्यांनी टेप आणली, काज मोजलं. बटण मोजलं. दोन्ही अगदी जसं असायला हवं तसं. मग त्यांनी ते बटण स्वतः लावलं. चुटकीसरशी लागलं. दुसरं लावलं. तिसऱ्याला त्यांचा हात थांबला. त्यांनी नवऱ्याची बोटं हातात घेऊन बघितली. मग खिडकीतून डोंगराकडे बघितलं.

"मोटरचा फॉर्म कुणी भरला होता?" त्यांनी विचारलं.

"मी. का?"

"खाली चला."

पार्किंगमध्ये त्यांनी जोडसायकल स्टँडवर घेतली, म्हणजे मागचं चाक जमिनीपासून सुटलं. मोटरची मदत बंद केली, पट्टी चालू ठेवली. स्वतः मागच्या सीटवर बसल्या. खटावकरांना सांगितलं, की तुम्ही बाजूला उभे राहा, कशाला हात लावू नका. खटावकरांनी हात खिशात घातले. वैजयंतीबाईंनी आपल्याकडचा ब्रेक अर्धवट दाबला, म्हणजे पायाला ओझं लागेल, आणि पायडल मारायला सुरुवात केली. पुढची पायडलं चेनने बांधलेली असल्यामुळे तीही रिकामीच फिरत राहिली. मिनिटभर मारून त्या थांबल्या.

"चालक क्रमांक एक," पट्टी म्हणाली, "शंभर टक्के. चालक क्रमांक दोन, शून्य टक्के."

खटावकर खिशात हात घालून, भिंतीला टेकून, शंभर टक्के पायडल मारत होते.

त्यांनी चष्मा लावून फोनवर तो फॉर्म उघडला आणि बारीक अक्षरातल्या त्या दोन ओळी आयुष्यात प्रथम वाचल्या. 'मोटर ज्या पायडलला जोडलेली आहे त्यावर बसणारी व्यक्ती म्हणजे चालक क्रमांक एक. जोडसायकलमध्ये हे पायडल मागचे असते.' अठ्ठावन्न, त्रेसष्ट, सहासष्ट, सगळं मागच्या सीटवरून आलेलं होतं. ती जोर वाढवत होती आणि तो आकडा त्यांच्या नावावर चढत होता. सातत्याबद्दल जे व्याख्यान दिलं होतं ते त्यांना शब्दशः आठवलं.

मग बाकीचंही आठवलं. किल्ली, कप, काज, ब्रेक. डावा पाय.

"म्हणजे पाय माझा," ते म्हणाले.

वैजयंतीबाई सीटवरून उतरल्या. त्यांनी नवऱ्याचं तिसरं बटण लावलं, मग चौथं. "डॉक्टर अकरापर्यंत असतात," त्या म्हणाल्या. "आणि वादी कुठे ठेवलीत ते सांगा आधी."

वादी कपाटात होती, 'अतिमहत्त्वाचे' असं लिहिलेल्या फाइलमध्ये.

डॉक्टर जगदाळेंनी तीच हातोडी खटावकरांच्या गुडघ्यावर मारली आणि पाय अपेक्षेपेक्षा जास्त उडाला. एमआरआयमध्ये दिसलं ते त्यांनी पेनाने दाखवलं. मानेच्या मणक्यांमधली चकती मागे सरकली होती, हाड थोडं वाढलं होतं, आणि त्यांच्या मधून जाणाऱ्या मज्जारज्जूला जागा अपुरी पडत होती. मान दुखायलाच पाहिजे असं नसतं. आधी बोटं जातात: बटणं, किल्ल्या. मग पाय. हे हळूहळू होतं, म्हणून माणूस दुसऱ्या कशाला तरी दोष देत राहतो. शस्त्रक्रिया करून जागा मोकळी करता येते, पण जे गेलं ते परत येईलच असं नाही. म्हणून लवकर कळणं महत्त्वाचं.

"लवकर आहे का?" वैजयंतीबाईंनी विचारलं.

"काकू, या अवस्थेत माझ्याकडे कोणी येतच नाही," डॉक्टर म्हणाल्या. "येतात ते पडून झाल्यावर येतात. काकांना कुणी पाठवलं?"

"सायकलने," खटावकर म्हणाले.

शस्त्रक्रिया पुण्याला झाली. मानेला पट्टा, रबरी चेंडू दाबायचा व्यायाम, चमचा धरायचा व्यायाम. वैजयंतीबाई सकाळी ब्लाउजं शिवत, दुपारी त्यांच्याकडून जुन्या सदऱ्याची बटणं लावून घेत. एकदा चेंडू दाबता दाबता ते म्हणाले, की तू सहासष्ट टक्के ओढत होतीस आणि मी तुला उपदेश करत होतो, तर तेव्हाच काही बोलली का नाहीस. त्या दोरा ओवत होत्या. म्हणाल्या, मला तरी कुठे माहीत होतं. मला वाटायचं, घाट सगळ्यांनाच एवढा जड जातो. मग दोरा दाताने तोडून म्हणाल्या, "पण ते तीन आठवडे चांगले होते हो. पोहे सोडून."

पाचव्या महिन्यात डॉक्टरांनी सायकलला परवानगी दिली, दोन अटींवर. हँडल आणि पुढचा ब्रेक त्यांच्या हातात नको, आणि पायांना काम हवं. दोघं मुलाणींकडे गेले. हब मोटरचं, त्या गुरुवारी न्यायचं राहून गेलेलं ते चाक अजून तसंच बांधून ठेवलेलं होतं. खटावकरांनी त्याच्याकडे बघितलं आणि त्यांना पुन्हा त्या कागदावरचं सहावं कारण आठवलं. आता खरं तर ते चाक त्यांच्यासाठीच बसवायला हवं होतं. मागे नुसतं बसायचं, पाय फिरवल्यासारखे करायचे. कोणाला कळणार नाही. तसं त्यांनी चाचपडत सुचवलंही, की वैजयंतीला ओझं नको.

"भाऊसाहेबांचं बरोबर आहे," मुलाणी म्हणाले. "उरलाच आहे तो माल."

"ते चाक तुम्ही दुसऱ्या कुणाला तरी विका," वैजयंतीबाई म्हणाल्या. "यांचा पाय रोज थोडा थोडा काय म्हणतोय, ते ऐकायला कोणी नको का?"

मुलाणींनी चाक आत नेऊन ठेवलं. मग फॉर्म दुरुस्त करायला टॅब काढला. आता वहिनी पुढे, भाऊसाहेब मागे, तेव्हा नावं कशी घालू, असं विचारताना ते मध्येच थांबले. मोटर मागच्या पायडलला. मागे खटावकर. चालक क्रमांक एक, रमाकांत खटावकर. चुकून भरलेला फॉर्म एक अक्षरही न बदलता बरोबर झाला होता. खटावकरांनी यावेळी बारीक अक्षरातल्या ओळी मोठ्याने वाचून खात्री करून घेतली.

"त्या दिवशी तुम्ही मला हब विकली असतीत, तर मी आज कुठे असतो कुणास ठाऊक," ते मुलाणींना म्हणाले. "तुमचे आभार मानायला हवेत."

"मी तर हबच विकत होतो, भाऊसाहेब," मुलाणी म्हणाले. "आभार घरी माना."

रविवारी ते निघाले. समर्थ मंदिर मागे पडलं आणि चढ सुरू झाला. मागच्या सीटवरून रस्ता दिसत नाही, हे खटावकरांना प्रथमच कळलं. दिसते ती पुढच्या माणसाची पाठ. दोन-अडीच वर्षं ती आपली पाठ बघत हा घाट चढली होती. आता त्यांच्यासमोर तिची पाठ होती, आणि तिने स्वतः शिवलेल्या ब्लाउजची शिवण, कुठे टाका न चुकलेली. पायाखाली मोटर त्यांच्या जोराची वाट बघत होती. त्यांनी थोडा दिला, तिने थोडा घातला. डावा पाय रेंगाळत होता, पण येत होता. वळणावर वैजयंतीबाईंनी मान न वळवता विचारलं, "मारताय ना पायडल?"

"मारतोय," ते म्हणाले.

माथ्यावर पोहोचल्यावर त्या खाली वाकल्या आणि पट्टी बोलायच्या आत त्यांनी तिचा आवाज बंद केला. पट्टी पुढे हँडलवर होती. मागून तिच्यावरचे आकडे दिसत नसत. ते आकडे त्यांनी वाचले. खाली साताऱ्यावर ऊन पडलं होतं.

"किती आलं?" खटावकरांनी विचारलं.

"निम्मं निम्मं," त्या म्हणाल्या. "पन्नास, पन्नास."

त्यांच्या पदराखाली पाठीवर घामाचा मोठा डाग होता आणि खटावकरांचा सदरा जवळजवळ कोरडा होता. एकतीस वर्षं त्यांनी लोकांनी लिहून आणलेले आकडे तपासले होते. घरातली माणसं, एकर, उत्पन्न; खोटा आकडा त्यांना कागद हातात घेताच कळायचा, आणि तो त्यांनी कधी सोडला नव्हता.

हा त्यांनी मंजूर केला. आणि दोन चहा सांगायला टपरीकडे निघाले, डावा पाय आधी टाकून.